बत्ताशाची पाच दिवसांची सुट्टी

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर चनबसाप्पा गवळ्याची चंद्री म्हैस नेहमी रांगेत शेवटी उभी असायची. शेवटी का, तर पुढं घुसायला चनबसाप्पाला कधी जमलंच नाही. गिऱ्हाइकानं पेला पुढं करायचा, ह्यानं आचळातली धार थेट पेल्यात सोडायची, आणि तालमीतल्या पोरांनी "मामा, नुसता फेसच हाय की ह्यो!" म्हणून ओरडायचं. की हा गडी मुकाट्यानं आणखी चार धारा वर देणार. बायको दानम्मा म्हणायची, "ह्यास्नी न्हाय म्हणायला देवानं तोंडच दिलं न्हाय." अशा माणसाला खोटं कुठनं बोलता यायचं? पण बोलला. जन्मात एकदाच बोलला, आणि तेही एका कुत्र्यापायी. ते खोटं त्याच्या पोटात कसं ठरलं नाही, ते सांगतो.

कुत्रं आणलं लेकीनं. शिवलीला एकुलती एक, तेव्हा दहावीला होती. सत्त्याण्णवच्या थंडीत कट्ट्याशेजारच्या गटारातनं तिनं एक पांढरं पिल्लू उचललं आणि दप्तरात घालून घरी आणलं. दानम्मानं दारातच अडवलं. "घरात शिवपूजा हाय, जंगम येत्यात जात्यात, कुत्रं कशाला आनी?" पोरगी हटून बसली. दोघींनी चनबसाप्पाकडं बघितलं. तो काय बोलणार, कपाळ! त्यानं चंद्रीच्या आचळातली एक धार नेम धरून पिल्लाच्या तोंडावर मारली, पिल्लानं मिटक्या मारत नाक चाटलं, आणि भांडण तिथंच मिटलं. रंगावरनं नाव पडलं बत्ताशा.

बत्ताशा दूध-भाकरीवर आणि चंद्रीच्या पायांत वाढला. ती चरायला निघाली की हा पुढं, ती नदीत डुंबायला बसली की हा काठावर राखणीला. आता आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी मिरवायला निघतात. शिंगं रंगवायची, मोरपिसांचे तुरे बांधायचे, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मालक पळायला लागला की म्हशीनं त्याच्या मागं पळायचं. ज्याची म्हैस पळाली त्याची वर्षभर मान ताठ. चंद्री चनबसाप्पाच्या मागं एक पाऊल टाकायची नाही. ती पळायची बत्ताशाच्या मागं! शेपूट वर करून बत्ताशा पुढं, त्याच्यामागं चंद्री, आणि सगळ्यात शेवटी धोतर सावरत धापा टाकणारा चनबसाप्पा. शेजारचा आकाराम गवळी दरसाल ओरडायचा, "चनबसू, तुमच्यात मालक कोण हाय रं?" चनबसाप्पा तोंडभर हसायचा. वर्षभर कट्ट्यावर शेवटी उभं राहणारा माणूस त्या दिवशी कुणाला मागं हटायचा नाही.

शिवलीलाचं लग्न झालं, ती निपाणीला नांदायला गेली. जाताना आईबापाच्या गळ्यात पडून रडली तेवढीच बत्ताशाच्या गळ्यात पडून रडली. घरात दोन माणसं आणि एक कुत्रं राहिलं. चनबसाप्पा आता लेकीशी बोलायचं ते बत्ताशाशी बोलायला लागला. हसू नका, लेक सासरी गेलेल्या घरात असंच होतं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका सकाळी गोठ्यात शेण काढताना चनबसाप्पाला मागं काहीतरी आपटल्याचा आवाज आला. वळून बघतो तो बत्ताशा आडवा पडलेला, पाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मग चारी पाय हवेत सायकल मारल्यासारखे हलायला लागले. चनबसाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. माणसाला फेफरं आलं की चप्पल हुंगवतात एवढंच त्याला माहीत. त्यानं पायातली चप्पल काढून कुत्र्याच्या नाकाला लावली आणि "बसवेश्वरा, बसवेश्वरा" करत बसला. दोन मिनिटांनी बत्ताशा उठला, भिंतीला धडकला, आणि मालकाकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघायला लागला. ते बघणं चनबसाप्पाला फेसापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टर विश्वजित सरनोबत नवे होते, जनावरांचा दवाखाना टाकून वर्षच झालं होतं. त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "हा अपस्मार. माणसाला असतो तसा कुत्र्यालाही असतो. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील." बारीक पांढरी गोळी दिली. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक, जन्मभर. "आणि मामा, नीट ऐका. ही गोळी मनानं बंद करायची नाही. एक दिवससुद्धा नाही. एकाएकी थांबली तर फिट दुप्पट जोरानं उलटतात, मग माझ्याही हातात राहत नाही."

रात्री निपाणीला फोन झाला. शिवलीला म्हणाली, "अप्पा, माझी शपथ हाय, गोळी चुकवू नका."

नाही चुकवली. जवळजवळ अडीच वर्षं डोळ्यात तेल घालून दिली. पावण्यांच्यात लग्नाला गेला तर संध्याकाळी सातच्या आत परत. आधी महिन्याला दोनदोन फिट यायच्या, त्या चारचार महिन्यांनी एकावर आल्या. गोळीनं काम केलं, त्यात वाद नाही.

पण गोळीनं दुसरंही केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भूक वाढेल, तहान वाढेल, सुस्ती येईल. सांगणं वेगळं आणि रोज उघड्या डोळ्यांनी बघणं वेगळं. भूक म्हणजे नुसती आग! चंद्रीच्या गव्हाणीतली पेंड खायचा, दानम्माचं शिळं ताक प्यायचा, एकदा साबणाची वडी खाल्ली. एक दिवस तर कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानातनं हाडूक पळवलं आणि थेट दानम्मा शिवपूजेला बसली होती तिथं तिच्या मांडीजवळ आणून ठेवलं. काय तो गहजब! घर धुतलं, दानम्मा दोनदा न्हाली, दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच बत्ताशासाठी दोन भाकऱ्या जास्त थापल्या. "भुकेलं जितराब हाय, त्येला काय कळतंय," एवढंच बोलली.

तहान तशीच. म्हशीच्या डोणीत तोंड घातलं की वर काढायचा नाही, आणि मग घरात जिथं बसेल तिथं ओलं. आधी कधी उंबऱ्याच्या आत न करणारं कुत्रं ते. आपण काय केलं ते त्याला कळायचं; कान पाडून भिंतीकडं तोंड करून बसायचा. अंग सुटलं, मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले, दारू प्यालेल्यासारखा झुलत चालायचा. कट्ट्यावरची पोरं म्हणायची, "मामा, कुत्र्याला काय पाजलंय?" चनबसाप्पाला हसू यायचं नाही.

आणि सगळ्यात वाईट होतं ते सातचं. एवढा खादाड झालेला, पण भाकरीच्या गोळ्यात, लोण्यात, गुळात कशातही लपवा, गोळी तेवढी नेमकी बाजूला काढून टाकायचा. शेवटी जबडा फाकवायचा, गोळी घशात ढकलायची, तोंड आवळून धरायचं आणि गळा चोळायचा. रोज दोनदा. काही महिन्यांत असं झालं की चनबसाप्पानं हात धुतले तरी बत्ताशा गव्हाणीखाली घुसायचा. त्याला ओढून काढावं लागायचं. चनबसाप्पा गोळी देता देता पुटपुटायचा, "माफ कर रं बाळा, माफ कर." दोन पाडवे तसेच गेले. बत्ताशा दारात झोपून राहिला आणि चंद्री जागची हलली नाही. आकाराम गवळ्यानंही चिडवायचं सोडून दिलं.

दोन हजार तीनच्या दसऱ्यानंतर डोळ्यांत पिवळी झाक दिसली. डॉक्टर म्हणाले, "गोळीचा लिव्हरवर ताण आलाय. दिवाळी झाली की रक्त तपासू, आणि मी सांगीन तसा डोस हळूहळू उतरवू. दुसरं औषधही जोडता येईल. तोवर आहे तसं चालू ठेवा."

चनबसाप्पानं त्यातलं 'उतरवू' एवढंच घरी नेलं.

आता त्याच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. वडलांपासनं चालत आलेली. वसुबारसेच्या सकाळी जनावरांना औषध पाजायची बांबूची नळी घासूनपुसून खुंटीला उलटी टांगायची, ती पाडवा संपेपर्यंत खाली काढायची नाही. ते पाच दिवस जनावराला काठी नाही, दावं नाही, कुणाच्या तोंडात बळंच काही घालायचं नाही. बाप म्हणायचा, "वरीसभर आपुन त्येंच्याकडनं काढून घेतूया. पाच दीस त्येंच्या मनासारखं हुं दे." त्या रीतीपायी म्हशींचं कधी काही बिघडलं नव्हतं. आधीची दोन वर्षं चनबसाप्पा नळी टांगून गोळी तेवढी द्यायचा आणि दिवसभर त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं.

त्या वसुबारसेला दानम्मानं नळी टांगली. सात वाजले. चनबसाप्पानं हात धुतले. बत्ताशा गव्हाणीखाली गेला, आणि तिथनं त्याचे दोन पिवळट डोळे बघायला लागले. चनबसाप्पा वाकला, हात पुढं केला, आणि तसाच थांबला.

"जा," तो म्हणाला. "तुलाबी सुट्टी आजपास्नं. पाच दीस."

दानम्मा चुलीपाशी होती. "अवो, डाक्टर काय म्हणालते?"

"दिवाळीनंतर उतरवायचीच हाय की. पाच दीस अदूगर उतरवली तर काय आभाळ कोसळतंय? आनी त्यो न्हाय का जनावर? सण म्हशीलाच, त्येला न्हाय?"

दानम्मानं एकदा दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला. चनबसाप्पा तिच्यावर खेकसला. जन्मात पहिल्यांदा त्याला नाही म्हणता आलं, ते नेमकं तिथं.

आणि मेलं काय झालं म्हणता? बत्ताशा सुधारायला लागला! दुसऱ्या दिवशी सुस्ती कमी झाली. तिसऱ्या दिवशी डोणीवर पहिल्यासारखा पडीक राहिला नाही. चौथ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला चनबसाप्पानं हात धुतले तर बत्ताशा गव्हाणीखाली गेला नाही, उलट जवळ येऊन त्यानं ओला हात चाटला. चनबसाप्पा तिथंच जमिनीवर बसला आणि कितीतरी वेळ त्याच्या कानामागं खाजवत राहिला. आपण हे आधीच का केलं नाही, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, त्याला दोष तरी काय द्यायचा!

पाडव्याला चंद्रीला सजवलं. चनबसाप्पानं हाक मारायच्या आत बत्ताशा शेपूट वर करून रस्त्यात उभा. पाय थोडे लटपटत होते, पण पळाला. गंगावेशीपासनं पंचगंगेच्या घाटापर्यंत पळाला. मागनं चंद्री, तुरे हलवत. तिच्यामागं चनबसाप्पा, डोळ्यांतनं पाणी वाहतंय आणि तोंड हसतंय. आकाराम गवळी दोन वर्षांचं साठवलेलं एकदम ओरडला, "चनबसू, मालक आला रं आला तुझा!" घाटावर सगळे गवळी टाळ्या वाजवत होते.

चनबसाप्पानं ठरवलं, उद्या भाऊबीज, उद्या सकाळी सातला गोळी परत सुरू.

सातच्या आधीच आली फिट. चंद्रीची धार काढताना मागं तोच आपटल्याचा आवाज. चनबसाप्पानं चप्पल लावली नाही आता, डोकं मांडीवर घेतलं. दोन मिनिटं गेली, तीन गेली. थांबली असं वाटलं तोवर दुसरी. ती विरते न विरते तोवर तिसरी. मधे शुद्ध म्हणून नाही. दानम्मानं रिक्षा आणली. दवाखाना सणाचा बंद होता, डॉक्टर अंगाला उटणं लागलेलं तसेच धावत आले. सुई झाली, सलाईन झालं, पुन्हा सुई झाली. अंग विस्तवासारखं तापलं होतं. बर्फ आणला, ओली पोती टाकली. डॉक्टर तीन तास उठले नाहीत. बाराच्या सुमाराला बत्ताशाचे पाय हलायचे थांबले. थांबले म्हणून चनबसाप्पाला क्षणभर बरं वाटलं, आणि मग डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

हात पुसत डॉक्टरांनी विचारलं, "मामा, गोळी चुकली होती का मधे?"

दानम्मानं नवऱ्याकडं बघितलं.

"न्हाय," चनबसाप्पा म्हणाला. "एकबी न्हाय."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग हा आजारच होता हो. तुमच्यासारखं औषध देणारा माणूस मी पाहिला नाही. तुमची काही चूक नाही." दानम्मानं पदर तोंडाला लावला.

नदीकडच्या वैरणीच्या तुकड्यात त्याला पुरला. खड्ड्यात ठेवायच्या आधी दानम्मानं त्याच्या कपाळाला विभूती लावली, आणि कुणाला काही विचारलं नाही. दुपारच्या एसटीनं शिवलीला दिवाळीला आली. बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "अप्पा, तुमी लई केलं वो त्येचं. एक गोळी चुकवली न्हाय." चनबसाप्पा खांबासारखा उभा. रडूच येईना. आपल्याला रडायचा हक्कच नाही असं त्याला वाटत होतं.

तिथनं पुढं माणूस आतनं कुजत गेला. सात वाजले की हात धुवायचा आणि ओले हात घेऊन गोठ्यात उभा राहायचा. जेवण तुटलं. दानम्मा म्हणाली, "शिवाला सांगून टाका, मन मोकळं हुईल." तो उठून बाहेर गेला. कट्ट्यावर कुणी बत्ताशाचं नाव काढलं की मान खाली घालून धार काढायचा.

फाल्गुनात, गुढीपाडवा पंधरा दिवसांवर आला असताना, संध्याकाळी कट्ट्याशी एक टेम्पो थांबला. त्यातनं एक शेतकरी उतरला, हातात दोरी, दोरीला तांबडी कुत्री. मागचे पाय झुलत होते. चनबसाप्पाचे हात आचळावरच थांबले.

"चनबसाप्पा तुमीच न्हवं? मी केरबा, कोडोलीचा. सरनोबत डाक्टरनी धाडलंय. हिला फिटा येत्यात. डाक्टर म्हणालं, गोळी कशी द्यायची ते गंगावेशीच्या मामांस्नी इचारा, अडीच वरसात एक चुकवली न्हाय त्यांनी."

कट्ट्यावर दहाबारा गिऱ्हाइकं होती. तालमीतली पोरं होती, आकाराम होता. कुणीतरी म्हणालं, "व्हय व्हय, मामांच्यासारखं कुणी केलं न्हाय."

केरबा खाली बसला आणि कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "पर पावणं, लई हाल हुत्यात वो. तोंड धरलं की रडतीया. पाडव्याचा सण आलाय. म्हटलं सणापुरती दोन दीस ऱ्हाऊ दे, तेवढंच बिचारीला बरं. चालंल का?"

चनबसाप्पा उठला. बादली लवंडली, दूध सगळं रस्त्यावर सांडलं, त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की चंद्री दचकली. "ऐका माझं. माझं कुत्रं आजारानं मेलं न्हाय. मी मारलं. दिवाळीचं पाच दीस मीच गोळी बंद केली. तुमच्यागतच वाटलं मला, बिचाऱ्याला सुट्टी द्यावी. सुधारल्यागत दिसतंय, त्येला भुलू नगा. आत सगळं साठत आसतंय. डाक्टरशी मी खोटं बोललो. लेकीशी बी खोटं बोललो. तोंड धरू दे, रडू दे, शिव्या घालू दे तुमास्नी, पर गोळी द्या. सण आसंल तरी द्या. घरात मयत झालं तरी द्या. कमी करायची आसंल तर डाक्टर करंल, तुमी न्हाय."

आकारामनं येऊन त्याला धरलं. केरबानं कुत्रीला उचलून छातीशी घेतलं आणि मान हलवली. चनबसाप्पा त्याच पावली डॉक्टरांकडं गेला आणि त्यांच्यापुढंही सगळं ओकला. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून त्याला बसवलं. मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तरी वाचला नसता, मामा. पण आज सांगितलंत, बरं केलंत."

तिथनं तो एसटीडीच्या बूथमध्ये गेला. निपाणीचा नंबर त्याला पाठ होता.

"शिवा, अप्पा बोलतोय. तुझी शपथ मोडली म्या. वसुबारसेपास्नं पाडव्यापतोर गोळी दिली न्हवती त्येला. मी मारला त्येला, शिवा."

पलीकडनं काहीच आवाज येईना. बूथवाल्याच्या मीटरचे आकडे तेवढे पळत होते. चनबसाप्पाला वाटलं, फोन ठेवला बहुतेक. ठेवूच दे, असंही वाटलं.

मग बारीक आवाज आला. "अप्पा, पाडव्याला पळला का वो त्यो?"

"पळला की."

"कसा?"

"चंद्रीच्या म्होरं. शेपूट वर करून. घाटापतोर पळला बघ, पयल्यागत. मधी मधी मागं वळून बघत हुता, मी येतोय का न्हाय म्हणून."

पलीकडं शिवलीला हुंदके द्यायला लागली, आणि चनबसाप्पाला पाच महिने अडलेलं रडू आलं. बूथच्या काचेला कपाळ टेकवून तो मोठ्यानं रडला, आणि बाहेर नंबर लावून उभी असलेली माणसं मुकाट्यानं थांबून राहिली.